आजोबांची गोळी

‘तुमच्या लोकांना बाहेर जायची सवय असते ना? खाली झाडं आहेत की.’

वहिनी, म्हणजे माझी मालकीण, हे बोलली तेव्हा माझ्या हातात तिच्या सासऱ्याच्या मुताचं भांडं होतं. काठोकाठ. ते तिच्या संडासात ओतायचं, संडास घासायचा, फिनेल टाकायचं. हे माझं काम. त्यात बसायचं मात्र नाही. विचारलं म्हणून हे उत्तर मिळालं.

ही नव्वदच्या पुढची गोष्ट. ठाण्याजवळ बाळकुमला, आमच्या गावात, आमच्या भाताच्या खाचरांवर नुकत्या इमारती उठलेल्या. बांधाआड जायची आमची जागा होती, तीही कंपाउंडच्या भिंतीत गेलेली. झाडं म्हणजे बिल्डरने लावलेली गुडघाभर रोपं. त्यांच्याआड कोंबडी लपली नसती.

त्या सासऱ्याला, आजोबांना, सारखी लघवी लागायची. अंथरूण ओलं व्हायचं, ते मीच धुवायचे. त्याचं काही नाही, म्हातारं माणूस. ठाण्याहून मोठा डॉक्टर घरी आला. बोलला, गाठ वाढलीय, ती लघवीची वाट दाबते, म्हणून पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. वाट सैल करणारी गोळी दिली. ‘झोपतानाच द्या, चक्कर येते.’ मी तिथंच चादर बदलत होते. गोळी लागू पडली. आजोबांना झोप लागायला लागली, घरात पेढे आले.

मी सकाळी कामावर जायचे ती दुपार टळल्यावर सुटायचे. मध्ये लागू नये म्हणून पाण्याचा घोट घ्यायचे नाही. धरून धरून ओटीपोटाचा दगड व्हायचा. मग जळजळ सुरू झाली. घडीघडी लागायची आणि बसलं की चार थेंब, ते पण मिरची लागल्यासारखे. वहिनीला सांगितलं तर नाक मुरडून बोलली, ‘कुठे काय करून आलीस?’

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. सासऱ्याला झालं ते दुखणं, मला झालं ते लफडं. माझं लग्नही व्हायचं होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी अंगात ताप होता, तरी गेले. वहिनीने आजोबांची एक गोळी काढली आणि माझ्या तळहातावर वरून टाकली. हात लागू नये म्हणून.

‘तेच दुखणं आहे, घे. मला खाडे नकोत.’

‘ही झोपतानाची ना, वहिनी?’

‘तू डॉक्टर आहेस का?’

घेतली. थोड्या वेळाने भांडं उचलून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे काळोख आला. शुद्धीवर आले तेव्हा फरशीवर पडलेले. आजोबांची लघवी माझ्या केसांत, माझी माझ्या कपड्यांत. वहिनी नाकाला पदर लावून उभी.

‘आधी पुसून घे. मग जा घरी.’

आजोबा खाटेवरून बोलले, ‘अगं, तिला पाणी तरी दे.’ नाही दिलं.

मी फडक्याला हात लावला नाही. भिंत धरून उठले, तिच्या संडासात गेले, आतून कडी घातली आणि बसले. ती दार बडवत होती. ‘बाहेर ये आधी, बाहेर ये.’ मला हवा तेवढा वेळ बसले. निघताना घासला नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली. गोळीचं ऐकून कपाळाला हात लावला. ‘ती बाप्यांच्या गाठीची. तुला कुठून आली ती गाठ?’ मला जंतू झालेले. पाणी तोडून, लघवी तुंबवून. जंतूंवरची गोळी वेगळी होती. ती दिली, सगळी संपवायला सांगितली. ताप उतरला, जळजळ गेली.

आई बोलली, ‘बरी झालीस ना गो, जा आता कामाला.’

मी डॉक्टरीणबाईंना विचारलेलं, परत असंच धरून ठेवावं लागलं तर? त्या बोललेल्या, तर परत होणार.

म्हणून त्या घरात गेले नाही. धुणीभांडी अजून करते. नव्या घरी चपला काढायच्या आधी विचारते, ‘मी संडास कुठला वापरायचा?’ गावातल्या सगळ्या बायकांना हेच विचारायला शिकवलंय. कोणी गडबडते, कोणी वॉचमनचा दाखवते. मग मी जिना उतरते. संडास घासायला माझा हात चालतो आणि बसायला मी चालत नाही, तर त्या घराची घाण त्या घराने काढावी.