रायलीचा पाय सौनाबाहेर

माझी थोरली बहीण रायली सत्तरी ओलांडलेली, तरी दर शनिवारी तळ्याकाठच्या नाचमंडपात जायची. तेही टोकदार लाल बुटांत. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड अक्रोडाएवढं बाहेर आलेलं.

आमच्या मंडपाची रीत अशी, की कुणी नाचायला बोलावलं की त्याच्याबरोबर सलग दोन नाच करायचे. एकानंतर सोडून जाणं म्हणजे तोंडावर अपमान. जूनमध्ये रायलीने नेमकं तेच केलं, आणि तेही ओइवाबरोबर. दुधाची गाडी चालवून निवृत्त झालेला हा विधुर तिला आवडायचा. ती बोलली नाही, पण दिसायचं. तो बिचारा मंडपाच्या मधोमध उभा राहिला, आणि पुढच्या शनिवारपासून आलाच नाही.

"पाय दुखत होता म्हणून सांग ना त्याला," मी म्हटलं.

"म्हातारीचं हाड वाढलंय असं सांगू? त्यापेक्षा मी चिडले होते हेच बरं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड वाढत नाही. अंगठा आत कलतो आणि सांधा बाहेर डोकावतो. आमच्या आईचाही तसाच होता. रुंद बुटांनी दुखणं कमी होईल, अंगठा सरळ व्हायचा नाही. रुंद बूट रायलीने एका दिवसात मला देऊन टाकले. शेवटी हाड कापून, सरळ करून स्क्रू बसवला. टाके निघेपर्यंत सौना, म्हणजे अंगणातलं आमचं वाफेचं न्हाणीघर, बंद.

"जखम आत न्यायची नाही म्हणाली ती डॉक्टरीण," रायली म्हणाली. "मी जायचं नाही असं कुठे म्हणाली?"

म्हणून शनिवारी रायली आत खालच्या बाकावर आडवी, आणि पट्टीतला पाय दाराबाहेर उशीवर. मी दाराकडे पाठ करून बर्च झाडाच्या फांदीने तिच्या पायावरचे डास हाकत होतो. तेवढ्यात ओइवा आला, हातात टोपी घेऊन.

"टायस्तो, माझं काय चुकलं तेवढं तिला विचारशील?"

मी पायाकडे बोट दाखवलं.

"कोण आलंय रे?" आतून आवाज आला.

"ओइवा."



"हे कधीपासून?" ओइवाने पायालाच विचारलं.

"त्या नाचाच्या कितीतरी आधीपासून," आतून उत्तर आलं.

"म्हणजे मला घाम आला होता म्हणून नाही?"

"आला होताच. त्यासाठी कुणी सोडून जातं का, वेड्या?"

ओइवाने माझ्या हातातली फांदी काढून घेतली.

"तू जा, कॉफी ठेव."

मी निघालो. मागून रायलीचा आवाज आला, "ओइवा, घोट्यावर डास बसलाय बघ एक! हळू मार, स्क्रू आहे आत!"