ताईने सोडून दिलेली अट

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हजरतगंजात औषधाच्या दुकानात उभा होतो, तिचीच औषधं घेत. त्याला महिना झाला, पण अजून माझं चित्त थाऱ्यावर नाही. अलीगंजच्या घरात बसवत नाही आणि बाहेर करमत नाही.

सुधाताई माझी थोरली बहीण. वडील रेल्वेत, म्हणून आम्ही लखनौचे झालो. ताईने आरोग्यविम्याच्या एका कंपनीत उभी हयात काढली. तिचं काम खासगी रुग्णालयांशी करार करण्याचं: कोणत्या ऑपरेशनचे कंपनी किती देणार आणि कोणत्या अटींवर. दर दोन वर्षांनी करार संपायचा आणि घासाघीस पुन्हा पहिल्यापासून. सही होईपर्यंत समोरच्याचा चहा ती घ्यायची नाही. "चहा घेतला की माणूस मऊ पडतो," म्हणायची. मी चिडवायचो, "भाजीवाल्याशीही अशीच वागतेस का गं?" तर हसायची, "त्याच्यापुढे माझं काही चालत नाही रे."

निवृत्त झाली आणि कर्करोगाने गाठलं. विमा तिच्याच कंपनीचा होता. उपचार निम्म्यावर आले असताना रुग्णालयाचा त्या कंपनीशी असलेला करार तुटला. दरावरून दोघंही अडून बसले होते. आता उपचार स्वखर्चाने करा नाहीतर दुसरीकडे जा, असं आम्हाला सांगण्यात आलं. मी खवळलो. "चालू उपचार असे मध्येच तोडतात? करारात काही अट नसते का?"

ताईने तोंड खिडकीकडे वळवलं. "होती... मीच सोडली. मागे हृदयाच्या ऑपरेशनचा भाव ते खाली आणेनात, तेव्हा ही अट सोडून देऊन भाव पदरात पाडून घेतला. म्हटलं, करार कशाला तुटतोय! ऑफिसात केवढं कौतुक झालं होतं माझं..."

मला तिचा संताप आला. आजारी माणसाचा आलेला राग गिळावाच लागतो. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजना या वसाहतीकडच्या रुग्णालयात गेलो. नवे डॉक्टर, पुन्हा सगळ्या तपासण्या, त्यात गेलेले दिवस. न हलवताही फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणतात. मला ते अजून पटत नाही.

ताईच्या जागी आता नेहा होती, तिच्याच हाताखाली तयार झालेली. ताईने तिला घरी बोलावलं. मला वाटलं, स्वतःसाठी शब्द टाकेल. तर ही उशीला टेकून शिकवणी घेत होती!

"रेट में थोड़ा झुक जाना, नेहा. पर जिसका इलाज चल रहा है, वो वहीं पूरा होगा, पुराने रेट पर. ये लिखवाए बिना उठना मत."

"मैम, हेड ऑफिस नहीं मानेगा. वो सिर्फ़ रेट देखते हैं."

"तो उन्हें मेरा केस दिखाओ."

परवा नेहाचा फोन आला. ताईच्या खोलीत, तिच्या पलंगावर मी नुसताच बसलो होतो. त्या रुग्णालयाशी नवा करार झाला, अट आली. मला आनंद व्हायला हवा होता, पण भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आत्ता? आत्ता काय उपयोग? मग नेहाचं रडणं ऐकू आलं आणि लाज वाटली. आज कुणाची तरी बहीण त्याच वॉर्डात असणार.

"मैम होतीं तो क्या कहतीं, अंकल?"

मला विचार करावा लागला नाही. "कहतीं, दो साल बाद अस्पताल वाले रेट घटाएँगे और बदले में यही शर्त वापस माँगेंगे. तब मत देना."



"नहीं दूँगी," नेहा म्हणाली.