ग्लाफिराच्या हातचं मीठ

चर्चचं छप्पर उघडं पडलं आणि देव स्वयंपाकघराच्या शेजारी राहायला आला.

किरगिझ मुलखातल्या लिपोव्का या रशियन वस्तीचं चर्च सगळं लाकडाचं. वरचा पत्रा गंजून गंजून चाळण झाला होता. हिवाळा सरता सरता फादर अर्सेनींनी किरगिझ पत्रेवाले बोलावले. त्यांनी पत्रा उतरवला तर खालच्या फळ्यांचाही भुसा झालेला. मग काय, संतांच्या तसबिरी, मेणबत्त्यांची घडवंची, उदाचं भांडं, सगळं उचलून आवारातल्या जेवणघरात नेलं. जेवणघर ते केवढं! या भिंतीला तसबिरी, त्या भिंतीच्या पलीकडं ग्लाफिराची चूल. मधलं दार ओलीनं फुगलेलं, ते कधी धड लागत नव्हतं.

त्यात ते दिवस ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासाचे. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. म्हाताऱ्या बाया उकडलेल्या बटाट्यावर दिवस काढून प्रार्थनेला उभ्या राहायच्या, आणि फादरांनी उदाचं भांडं हलवायला सुरुवात केली की दाराच्या फटीतून मटणाच्या रश्श्याचा वास यायचा.

"ग्लाफिरा सेम्योनोव्हना, ते दार तरी लावून घ्या," मेणबत्त्या विकणारी नोन्ना दबक्या आवाजात म्हणायची. नोन्ना म्हणजे चर्चचा कारभार बघणारी बाई. उभं राहणंसुद्धा इस्त्री केल्यासारखं.

"लागत न्हाई ते. तुमीच या आन् पाठ लावून बसा," आतून उत्तर.

मटण पत्रेवाल्यांसाठी होतं. कामाला आलेल्या माणसाला रोज गरम जेवण घालायचं, आणि जेवणात मांस असायचं, याच्यावर त्या मुलखात कुणी चर्चासुद्धा करत नाही. यंदा रमजानही त्याच दिवसांत आलेला. त्यामुळं पत्रेवाले दिवसभर रोजा धरून छपरावर ठोकाठोक करायचे, आणि सूर्य डोंगराआड गेला की खाली उतरून लांब मेजावर बसायचे. वर उपाशी, खाली उपाशी, आणि मधे पातेल्यात रटरटणारं मटण.

ग्लाफिरा म्हणजे अंगानं ऐसपैस बाई, पायात बारा महिने रबरी बूट. सारी हयात तिनं इस्सिक-कुल तळ्यावरच्या कोळ्यांच्या खाणावळीत काढली. तिचं एक नाव होतं. ग्लाफिरा चमचा ओठाला लावत नाही. पातेल्यापाशी उभी राहते, मूठ भरून मीठ घेते, बोटांतून सोडते, आणि ते नेमकं बसतं. कोळी पैजा लावायचे तिच्यावर. खाणावळीत मेजावर मिठाची वाटी ठेवायला तिला बंदी करावी लागली नाही, कुणी मागितलीच नव्हती कधी. एकदा तालुक्याहून आलेल्या एका साहेबानं मागितली, तर तिनं त्याच्यापुढचं ताटच उचललं.

म्हणून पत्रेवाल्यांचं जेवण कुणी करायचं हा प्रश्नच नव्हता.

पहिल्या संध्याकाळी वाट्या भरलेल्याच परत आल्या. पत्रेवाल्यांनी खजूर खाल्ले, पाणी प्याले, रश्श्याचा एक एक घोट घेतला, मग पाव आणि चहावर हात मारला. 

"का रं? उपाशी उठता?" तिनं विचारलं.

"पोट भरलं, आपा. देव तुमचं भलं करो," मुकादम तोक्तोसुन म्हणाला. आपा म्हणजे थोरली बहीण. डोक्यावर फेल्टची पांढरी टोपी, हाताचे तळवे पत्र्यानं चिरलेले, आणि बोलणं असं की कुणाला लागू नये.

ते जेवणाला नावं ठेवणार नाहीत हे ग्लाफिराला ठाऊक होतं. तसं वळणच नाही त्यांच्यात. पण भरलेली वाटी काय बोलते हे खाणावळवालीला शिकवावं लागत नाही. रस्सा अळणी झाला होता. दुसऱ्या दिवशी तिनं मूठ मोठी केली. त्या दिवशी पत्रेवाल्यांनी चहाच्या किटल्यांवर किटल्या रिकाम्या केल्या, आणि वाट्या पुन्हा तशाच.

आता खरं काय ते असं. ग्लाफिराची मूठ नेमकी होती, ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी तिमोफेय.

तिमोफेय तिचा नवरा, खाणावळीचा ट्रक चालवायचा. पक्का कम्युनिस्ट पक्षाचा माणूस, देवाचं नाव काढलं की हसायचा. ग्लाफिरा मात्र आजीच्या वळणाची. बुधवार, शुक्रवार, मोठा उपास, एकही चुकवायची नाही. त्या राजवटीत, सरकारी खाणावळीत ते उघड करायची सोय नव्हती. मग त्या दिवशी तिमोफेय मागच्या दारानं यायचा, पळी बुडवायचा, फुंकर मारून चाखायचा. "हं, अजून," म्हणायचा, नाहीतर नुसती मान हलवायचा. आणि एकदा सवय लागली म्हटल्यावर उपास नसलेल्या दिवशीही तोच चाखायला लागला. बायकोच्या पातेल्यावर मेला लाळ गाळत असतो म्हणून सगळ्या गावानं त्याचं नाव पाडलं, चाटू. चाटू तिमोफेय. तो हसून घ्यायचा. ग्लाफिराही काही बोलली नाही. बोलली असती तर तिची मूठ उघडी पडली असती.

दोन हिवाळ्यांमागं तिमोफेय गेला. तेव्हापासून ती एकटीपुरतं रांधत होती. कोबी, बटाटा, बार्लीची लापशी. ते उपासाला चालणारं, ते ती चाखत होती. तो गेल्यावर उपासात मटण शिजवायची वेळ आत्ता पहिल्यांदाच आली, आणि पळी हातात घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं की मागच्या दारानं कुणी येणार नाही.

तिनं खटपट केली. आधी नुसत्या भाजीच्या पाण्यात मीठ घालून चाखलं आणि मग मटण सोडलं. तर बटाट्यानं मीठ पिऊन टाकलं आणि चरबीनं सगळी चवच फिरवली. घंटा वाजवणारा स्त्योपा तेवढा ना उपास धरायचा ना रोजा. त्याला बोलावून पळी दिली.

"कसं हाय?"

"लई ग्वाड."

"मीठ?"

"ते बी ग्वाड."

स्त्योपाला पेला सोडून दुसऱ्या कशाची पारख नव्हती. तिनं पळी काढून घेतली आणि त्याला घंटेकडं धाडलं.

आठवडा असाच गेला. मग एका दुपारी खिडकीपाशी बटाटे सोलताना तिला अंगणातलं बोलणं ऐकू आलं. तोक्तोसुन फादरांपुढं टोपी हातात घेऊन उभा होता.

"फादर, तळ्याकाठच्या पाव्हणेघराचं काम आमास्नी बोलावतंय. रोज एक मेंढरू कापतो म्हंत्यात. पोरं दिसभर पाण्याचा थेंब घेत न्हाईत. सांच्याला नीट घास मिळंना झालाय. मी त्यांस्नी किती दिस धरून ठिवू?"

"आणि छप्पर?" फादर म्हणाले.

तोक्तोसुननं वर बघितलं. ताडपत्रीखाली उघड्या वाशांचा सांगाडा. तळ्यापलीकडं ढग जमत होते. 

नोन्ना लगेच पुढं झाली. "बाजारातल्या हॉटेलातून जेवण आणवू. ग्लाफिरा सेम्योनोव्हनाचं वय झालं. लोक नावाला भुलतात, हातात आता राम नाही राहिला."

बटाट्याबरोबर ग्लाफिराचं बोटही थोडं सोललं गेलं.

फादर आत आले. तरणे होते, दाढी अजून विरळ. मुदपाकखान्यात शिरताना चाचरले.

"ग्लाफिरा मावशी, एक सांगू? तुम्ही चाखा. मी परवानगी देतो. जिभेला लावा आणि थुंका. ते काही पाप धरत नाहीत."

"तुमी म्हाताऱ्या बाईला सूट देताय, फादर. ती नगं."

"का?"

"तुमी माफ कराल, देव बी करंल. पर माज्या जिभेला एकदा मटण लागलं तर ती ईस्टरपत्तुर गप बसायची न्हाई. मला माजी जीभ ठावं हाय. थुंकायच्या आधीच गिळून बसंल."

फादरांना हसू आलं, ते त्यांनी दाढीत दडवलं. "मग हॉटेलातून आणवू?"

"आजचा दिस ऱ्हाऊ द्या."

फादर गेले. ग्लाफिरा चुलीपुढं बसली. छप्पर अर्धं राहिलं तर ईस्टरला तसबिरी इथंच, कांद्याच्या पोत्यांशेजारी. आणि तेही तिच्या पातेल्यापायी. दुसऱ्या बाजूला तिचं नाव, सगळ्या हयातीचं. तिनं बराच वेळ लाकडं उगीच खालीवर केली.

सूर्य डोंगराला टेकला. पत्रेवाले हातपाय धुऊन मेजावर बसले. ग्लाफिरा पातेलं घेऊन बाहेर आली. वाढलं नाही. पातेलं तोक्तोसुनपुढं ठेवलं, आणि त्याच्या हातात पळी दिली.

"उस्ताद, रोजा सुटला की पयली पळी तुजी. चाखून सांग. मला ठावं न्हाई मीठ किती पडलंय."

मेजावरचे सगळे तिच्याकडं बघायला लागले. दारात नोन्नाही उभी होती.

"माजा उपास हाय. मी चाखत न्हाई. आजवर माजा नवरा चाखायचा, मूठ माजी आन् जीभ त्याची. तो गेला. आता मी आंधळ्यावानी मीठ टाकतीया."

तोक्तोसुननं पळी पातेल्याच्या काठाला टेकवली.

"येवढंच व्हय, आपा?"

"आनि काय असनार?"

"आमी काय समजलो, सांगू? उपासाच्या दिसांत तुमच्या देवाच्या भिंतीला लागून आमी मटण शिजवाय लावतो, म्हणून तुमी राग काढताय. एक दिस अळणी, एक दिस खारट. पोरं म्हनली, म्हातारी आमाला हाकलाय बगतीया."

"हाकलायचं असतं तर हातात झाडू घेतला असता. मटणाची नासाडी कशाला केली असती?"

मेजावर हशा पिकला. त्यांच्यातला एक दाढीवाला तर मान खाली घालून हसता हसता खोकायला लागला. तेवढ्यात गावच्या मशिदीतून बांग आली. तोक्तोसुननं खजूर तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला, मग पळी बुडवून फुंकर मारली आणि चाखलं. सगळे थांबलेले.

"मीठ कमी हाय."

ग्लाफिरानं मूठ भरली, बोटांतून सोडलं, ढवळलं.

"अजून."

तिनं अजून सोडलं.

"बास. आता मिरं घाला की थोडं."

"मिऱ्याचं कुनी इचारलंय तुला?" असं म्हणाली खरी, पण मिरं घातलं.

त्या संध्याकाळी वाट्या पुसून परत आल्या. पाव्हणेघराचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोजा सुटला की आधी तोक्तोसुन मुदपाकखान्याच्या दारात. रमजान संपून ईद झाली, तर हा माणूस भर दुपारीच छपरावरून उतरून पळी मागायला लागला. कांदा जरा लाल होऊ द्या, आपा. गाजर जाड चिरा, आपा. दिवसातनं दोनदा ती त्याला उलथनं दाखवून हाकलायची, आणि तो हसत शिडी चढायचा.

पाऊस दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा ताडपत्री भिजली, दुसऱ्यांदा नवा पत्रा नुसता वाजला.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तसबिरी परत न्यायचा दिवस उजाडला. बाया दोघी दोघी मिळून एकेक तसबीर उचलत होत्या. आवारातून जाताना नोन्ना चारचौघींत म्हणाली, "काही म्हणा, ग्लाफिरा सेम्योनोव्हनाच्या मुठीला तोड नाही. शेवटी शेवटी काय रस्सा व्हायचा. उपासात वास घेऊन पाप लागायचं." तिनं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. त्या संध्याकाळचं बोलणं झाकून टाकावं, म्हातारीचं नाव राहावं, एवढाच तिचा हेतू.

ग्लाफिरानं हातातली तसबीर भिंतीला टेकवली.

"नोन्ना, तू दारात हुतीस. तुला ठावं हाय. मुठीचं कवतिक पुरं झालं. मीठ तिमोफेय सांगायचा."

"कोण, चाटू?" मागून एक म्हातारी म्हणाली, आणि मग स्वतःच गप्प झाली.

"चाटू तुमी म्हनायचा. तो कामावर असायचा. माजा उपास त्यानं संबाळला, देवाला न मानता. आन् तुमी नाव ठिवलं तवा मी बी गप ऱ्हायली."

 छपरावर तोक्तोसुन शेवटचा खिळा ठोकत होता.

"मग आम्हाला आजवर सांगितलं का नाहीस गं?" नोन्नानं विचारलं. पहिल्यांदाच एकेरीवर आली होती.

"सांगितलं असतं तर पैजा कुनावर लावल्या असत्या?"

नोन्ना जवळ आली. "बरं, आणि तो मटणातला लसूण? तो तरी तुझा का तोही त्याचा?"

"लसूण माजा," ग्लाफिरा म्हणाली, आणि तसबीर उचलून नव्या पत्र्याखाली चालायला लागली.