वहिनींसाठी कापलेलं दार

वन-नॉर्थ भागातल्या माझ्या ऑफिसात पोचत होते, तेवढ्यात शैलावहिनींचा फोन आला. कामाच्या वेळी त्या कधी फोन करत नाहीत. "अगं, हे उठलेच नाहीत..." एवढंच म्हणाल्या. बुकित बातोकच्या त्यांच्या फ्लॅटवर गेले, तर दिगूदादा खरंच शांत झोपल्यासारखे दिसत होते. त्याला आता काही आठवडे झाले.

दादा माझे नात्याने कुणी नव्हते. बँकेतून निवृत्त होऊन ते इथे परदेशातच स्थायिक झालेले. मी पुण्याहून आलेली, इमारतींच्या सांगाड्यांची गणितं करणारी इंजिनियर. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली आणि प्रसाद हातात असतानाच त्यांनी विचारलं, "फायबरग्लासची जुनी शिडाची बोट घेतलीय. आतल्या भिंती कुजल्यात. बघायला येतेस?"

बोटी दुरुस्त करायच्या यार्डात टेकूंवर उभी असलेली ती बोट बाहेरून धडधाकट होती. आत मात्र वर्षानुवर्षं डेकमधून पाणी झिरपून प्लायवूडच्या आडव्या भिंतींचा भुसा झालेला. दादांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. सगळ्यात वाईट अवस्था मधल्या भिंतीची, आणि डोलकाठीचा सगळा भार तिच्यावरच. मग आमचे रविवार त्यात जाऊ लागले. मास्क लावून ग्राइंडरने जुनी भिंत सोडवायची, पुठ्ठा कापत कापत बोटीच्या पोटाचं वळण त्यावर उतरवायचं, आणि घरी जाऊन अंगात रुतलेल्या काचेच्या कुसांनी खाजवत बसायचं. वहिनी खाली सावलीत खुर्ची टाकून बसत. ऑपरेशननंतर त्यांचा एक गुडघा वाकतच नसे. त्यांची मुलगी रेवा कधी आली तर म्हणे, "बाबा, just buy another one lah!"

नव्या प्लायवूडवर दादांनी दाराची रेघ आखली, तेव्हा मी चमकले. मूळ दार अरुंद होतं, खाली गुडघाभर उंच उंबरा. दादांनी दार जवळजवळ दुप्पट रुंद केलं होतं आणि उंबरा काढूनच टाकला होता.

"दादा, एवढं कापलंत तर डोलकाठी खाली दबेल. हे मी होऊ देणार नाही."

"मग शैला पुढच्या केबिनमध्ये जाणार कशी?"

"त्या मागे बसतील की."

"आयुष्यभर मागेच बसलीय ती!" दादा माझ्यावर आवाज चढवून बोलल्याचं तेवढं एकदाच आठवतं. त्यांच्या बदल्यांपायी वहिनींनी शाळेतली नोकरी सोडली होती, आणि इथे आल्यावर पुन्हा शिकवायचं राहूनच गेलं होतं, हे मला तेव्हा त्यांच्याच तोंडून कळलं.

त्या आठवड्यात मी गणित पुन्हा मांडलं. दारावर जाड तुळई, दोन्ही बाजूंना थेट तळापर्यंत खांब, आणि उंबऱ्याचं काम करणारी मजबूत पट्टी फरशीच्या खाली. वेळ बराच गेला, पण दादांनी कुठेही घाई केली नाही. फायबरग्लासचा एकेक थर हाताने दाबून ती भिंत त्यांनी बोटीला जोडली.

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी शिडात वारा भरला, तेव्हा मी तुळईवर तळहात ठेवून उभी होते. काही करकरलं नाही. काठी टेकत वहिनी माझ्या शेजारून आत गेल्या आणि पुढच्या केबिनमधल्या गादीवर पाय पसरून आडव्या झाल्या. मागून सुकाणूवरून दादांनी ओरडून विचारलं, "काय दिसतंय?"

"दिसत काही नाही," वहिनी म्हणाल्या, "पाणी ऐकू येतंय... कानाशीच."

त्यानंतर किती तरी रविवार ती दोघं बोटीवर असत.

गेल्या रविवारी वहिनी, रेवा आणि मी बोटीवर गेलो. बोट ठेवायची की विकायची, ते बघायचं होतं. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ होती, त्या सगळ्यांना वहिनींनी चहा दिला होता, सगळ्यांशी नीट बोलल्या होत्या, कुणासमोर रडल्या नव्हत्या. बोटीत शिरल्या त्या थेट पुढे गेल्या. रेवाने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. आत जाऊन त्यांनी दारावरचा पडदा ओढून घेतला. मग त्या रडू लागल्या, मोठ्याने, ऐकवत नव्हतं. रेवा उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आम्ही दोघी भिंतीच्या अलीकडे बसून राहिलो.