तळहातावरची चिमूट

काटेवाडीच्या अलीकडं मी रोज सकाळी डेअरीवर दूध घालायला जातो, तेव्हा गावातला एक जण तिथल्या बाकावर बसलेलाच असतो. पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारून तो जो जवळ सरकला, तो कायमचाच. अख्खा बाक मोकळा असला तरी माझ्या मांडीला मांडी लावूनच बसणार. माझा हात हातात घेऊन बोलणार, आणि बोलणं संपलं तरी सोडणार नाही.

मी पुण्यात वाढलेला, इकडं नवा. अंग चोरायचो.

"आवं, सरकताय कुठं? आमी काय परकं हाय व्हय?" असं म्हणून तो माझ्या मांडीवर थाप मारायचा. मी चिडायचो, मग स्वतःलाच समजवायचो, की इकडची माया अशीच अंगाला भिडणारी असते.

तंबाखूही तो सगळ्यांसाठी मळतो. मळून झाली की तळहात पुढं करतो, आणि ज्यानं त्यानं त्याच तळहातावरून चिमूट उचलायची.

काल डेअरीत कॅन धुणाऱ्या म्हाताऱ्या आबांनीही बोटं पुढं केली. यानं झटक्यात मूठ मिटली.

"धर," म्हणाला, आणि आबांच्या ओल्या हातावर वरूनच चिमूट सोडली. निम्मी खाली सांडली. आबा पुन्हा नळाकडं गेले.

"हे असं वरून का?" मी विचारलं.

"तुमास्नी म्हाईत न्हाय. आमच्यात शिवत न्हाईत त्यास्नी," तो हसला आणि मला आणखी खेटला.

माझं डोकं फिरलं. त्याचा हात मी मांडीवरून झटकून टाकला. पहिल्या दिवशी त्यानं आधी आडनाव विचारलं होतं, मगच तो सरकला होता.