मुखवट्याखालची चुंबळ

त्या वर्षी महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या होत्या आणि माझा उजवा गुडघा टम्म सुजला होता. महालक्ष्म्यांचा सगळा नैवेद्य घरच्या बाईने पाटावर बसून एकटीने करायचा, हा माझ्या सासूबाईंचा नेम. यजमानांच्या रेल्वेच्या नोकरीपायी वऱ्हाडातून रायपूरला आलो, तरी मी तो मोडला नव्हता. आता मोडतो की काय, या धास्तीने मी देवीआईशी भांडत होते. तुझंच काम करायचं आहे, मग माझे पाय का अडवतेस?

तसा उपाय मला ठाऊक होता. सण आला की मी गुडघ्यात इंजेक्शन घ्यायची, सूज उतरायची, आणि मी त्याला देवीची कृपा म्हणायची. यंदा मात्र शंकर नगरच्या डॉक्टरांनी नकार दिला. एखादं इंजेक्शन ठीक, पण पुन्हा पुन्हा घेतलं तर हाडांमधली कूर्चा, म्हणजे गादी, झिजू शकते, म्हणाले. शिवाय दुखणं दबलं की तुम्ही त्याच गुडघ्यावर दिवसभर भार टाकता. आता व्यायाम करा आणि खुर्चीवर बसा. खुर्चीवर बसून का पुरण वाटतात? मी रागारागाने घरी आले. उद्या तेलीबांध्याच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं आणि घरात कुणाला काही बोलले नाही.

संध्याकाळी सून मुखवटे घासायला बसली. ती बीरगांवची, छत्तीसगढी घरातली. मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. थोरल्या महालक्ष्मीचा पितळी मुखवटा लोखंडी स्टँडवर डुगडुगायचा, म्हणून मी तो दर वर्षी सुतळीने करकचून बांधायची. ती सुतळी सून सोडत होती.

"काहून सोडून राहिली? बांधलं की हलत नाही ते," मी म्हटलं.

तिने मुखवट्याखालची कापडी चुंबळ काढून माझ्या हातात ठेवली. मधोमध नुसत्या दशा उरल्या होत्या, आणि पितळेवर लोखंडाचे ओरखडे उठले होते.

"मम्मी, गद्दी तो अंदर से घिस गई है. हिलता था, मतलब देवी बता ही रही थी ना. आप हर बार कस देती थीं."

डॉक्टर काय बोलले ते तिला माहीत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. दुखणं थांबव म्हणून मी जिला विनवत होते, तिनेच ते निरोप म्हणून धाडलं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

तेलीबांध्याला मी गेले नाही. सुनेने माझ्या जुन्या मऊ पातळाची नवी चुंबळ केली. नैवेद्याच्या दिवशी पाटावर ती बसली आणि मी खुर्चीवरून सांगत गेले. पुरण जरा सैल झालं, तेच देवीला गेलं. गुडघा अजून दुखतो. झिजलेली गादी काही परत येत नाही. पण उरलेली राहिली, हे उपकार थोडे नाहीत.

आरतीला मी सवयीने उठू लागले, तोच कळ आली. समोर थोरली उभी होती, सुतळीवाचून, जराही न हलता. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, तू उभी आहेस ना, मग मी बसते.