दुसऱ्या सहीची जागा

मेहकर तालुक्यात ऑस्ट्रेलिया खंड तोंडपाठ असलेली एकच व्यक्ती आहे आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे, हे मी कोणत्याही कचेरीत शपथेवर सांगायला तयार आहे. ॲडलेडच्या मैदानात कुठल्या बाजूला बसलं की दुपारचं ऊन पाठीवर येतं, पर्थला वारा किती वाजता सुटतो, सिडनीत मुक्कामापासून मैदानापर्यंत पायी किती मिनिटं लागतात आणि गुडघा दुखत असेल तर किती, हे सगळं त्यांना तिथं पाऊल टाकायच्या कितीतरी वर्षं आधीपासून ठाऊक होतं. मेहकरातला भाजीबाजार हलून कुठं गेला, हे मात्र त्यांना अजूनही कोणाला तरी विचारावं लागतं.

आत्यांनी मुलींच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कोणी विचारलंच तर "उत्तर येत नव्हतं, सोडून देल्लं" एवढंच म्हणायच्या. जगात जे जे घडतं ते मोजता येतं आणि मोजलं की ते लिहून ठेवायचं असतं, अशी त्यांची श्रद्धा. माझ्या लग्नात सगळ्यांच्या हातात अक्षता होत्या, आत्यांच्या हातात वही होती. मंगलाष्टकांतली दोन कडवी भटजींनी गाळली, हे त्यांनी पंगतीत खुद्द भटजींना वही उघडून दाखवलं. मामांनी नवरीला मांडवात आणायला उशीर केला, तो त्यांनी 'अवांतर' या रकान्यात टाकला होता. मी त्या दिवशी नवा जावई होतो, म्हणून गप्प बसलो. पुढं कळलं की गप्प बसलेली मिनिटंही त्यांनी मोजली होती.

हा मोजण्याचा नाद क्रिकेटपासून लागलेला. आत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे सासरे, लहानपणी रेडिओसमोर पालथे पडून धावफलक लिहायचे. आपल्या संघाचं पान आत्यांकडं, समोरच्यांचं सासऱ्यांकडं. षटक संपलं की एकानं आकडा म्हणायचा, दुसऱ्यानं "बरोबर" म्हणायचं, आणि दिवस संपला की पानाच्या तळाशी दोघांनी सह्या करायच्या. पहिली सही मोठ्या बहिणीची, दुसरी भावाची. दोघं म्हातारे झाले तरी हे चालू राहिलं. सासरे दोन गल्ल्या पलीकडं राहायचे आणि कसोटी सामना असला की सकाळीच टोपी घालून, बायकोला "जरा ताईकडं जाऊन येतो" सांगून पाच दिवसांसाठी निघायचे. आता टीव्ही होता, पण त्याचा आवाज बंद ठेवून रेडिओचं समालोचन लावायचं, कारण टीव्हीवाले षटक संपता संपता जाहिरात घुसवतात आणि ताळा करायला वेळ देत नाहीत. तीन तासांत उरकणाऱ्या नव्या क्रिकेटला आत्या तोंडी परीक्षा म्हणतात आणि तिचे गुण धरत नाहीत.

सासरे गेले. एका सामन्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाच्या मधे गेले. दिवस वगैरे झाल्यावर आम्ही आत्यांकडं गेलो, तेव्हा त्या दोन्ही पानं पुढ्यात घेऊन एकट्याच लिहीत बसल्या होत्या. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की तुमची कुठं चूक होते आत्या, एकटीनं लिहिलं तरी चालेल. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एकट्यानं लिहलं की चुका होनं थांबत नाही, जावईबापू. सापडनं थांबते."

तेव्हापासून ऑस्ट्रेलियाचा बेत सुरू झाला. बहीण-भावानं फार पूर्वी ठरवलं होतं, की निवृत्त झालो की एक अख्खा दौरा, पाचही कसोट्या, मैदानात बसून लिहायचा. आता भाऊ नव्हता, पण बेत होता. आत्यांना हवं होतं एवढंच: पाच मैदानं, आणि शेजारच्या खुर्चीवर "बरोबर" म्हणणारं एक माणूस.

त्या बेतासाठी त्यांनी दोनशे पानी रजिस्टर घातलं. त्यात एक नियम होता. पक्कं ठरलेलं पेननं, कच्चं पेन्सिलनं, आणि पेननं लिहिलेलं खोडायचं नाही. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी मेलबर्नच्या वेळेवर लावलं, म्हणजे साडेपाच तास पुढं. बीबी गावचे त्यांचे एक चुलतभाऊ दुपारी बाराला जेवायला बसले होते. त्यांची नजर घड्याळाकडं गेली, साडेपाच वाजलेले पाहून ते दचकले आणि शेवटची गाडी चुकते म्हणून अर्धी भाकरी हातात घेऊन स्टँडकडं पळाले. पुढं कधीतरी त्यांनी तक्रार केली तेव्हा आत्या शांतपणे म्हणाल्या, "घड्याळ बरोबरच होतं, दादा. तुम्हीच चुकीच्या गावात होते."

सामानाची तालीम तर साऱ्या बाजारपेठेनं पाहिली. विमानात किती वजन चालतं हे रजिस्टरात पेननं लिहिलेलं होतं, म्हणून आत्या भरलेली बॅग ओढत अडत दुकानात न्यायच्या आणि तुरीच्या पोत्यांच्या काट्यावर ठेवायच्या. दुकानाचे मालक सलीमभाई आत्यांचे शेजारी, त्यांच्या तिन्ही बहिणी आत्यांच्या हाताखाली गणित शिकलेल्या. ते एका हातानं पोतं सरकवत म्हणायचे, "बाई, तेवीस किलो दोनशे. दोनशे ग्राम जास्ती हाय. तूर असती तं म्या तसंच घेतलं असतं." आत्या तिथंच बॅग उघडून एक स्वेटर काढायच्या आणि पुन्हा तोलायला लावायच्या. पाच दिवस बसायची सवय व्हावी म्हणून कॉलेजच्या मैदानावर टेनिस बॉलच्या स्पर्धा चालू असताना छत्री, धपाटे आणि वही घेऊन त्या दिवसभर पायऱ्यांवर बसायच्या. खेळणारी पोरं बाद झाली की पंचाकडं न बघता आत्यांकडं बघायची.

सगळं पेननं लिहून झालं. मुक्काम, विमानं, मैदानातल्या दोन-दोन खुर्च्या. एकच ओळ पेन्सिलनं राहिली होती. 'सोबत' असं लिहून पुढं प्रश्नचिन्ह. माझ्या बायकोला दोन तास नुसतं बसवलं तरी तिचं डोकं दुखतं. शाळेतल्या जुन्या मैत्रिणींपैकी कोणाला नातवंडं होती, कोणाला देवदर्शनं. त्यांना विचारून झालं होतं, हे मला नंतर कळलं. आत्यांच्या यादीत मी फार खाली होतो.

अक्षय्य तृतीयेला आत्या आमच्याकडं बुलढाण्याला आल्या होत्या. पुरणाच्या पोळ्या झाल्या होत्या आणि मी लोडाला टेकून डोळे मिटण्याच्या बेतात होतो. आत्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही येता का माह्यासंगं ऑस्ट्रेलियाले?"

"हाव आत्या, जाऊ," मी म्हणालो.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. येता का म्हटलं की येऊ म्हणायचं, करता का म्हटलं की करू म्हणायचं, आणि मग विसरून जायचं. विचारणाराही विसरून जातो. अशा होकारांवर सगळे गेले असते तर आमच्या जिल्ह्यातल्या एकेका लग्नाला दोन-दोन तालुके लोटले असते. हे सगळ्यांना कळतं. आत्यांना कळायचं नाही. त्यांच्याकडं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं, प्रश्नचिन्ह खोडरबरानं पुसलं, वर फुंकर मारली आणि चार रंगांच्या पेनातली निळी कांडी दाबून माझं नाव लिहिलं. मी अर्धवट झोपेत ते पाहिलं आणि मला हसू आलं. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

मग दर रविवारी फोन सुरू झाले. "पासपोर्ट काढला का?" मी म्हणायचो, "कागद जमवून राह्यलो आत्या." आठ-दहा रविवार माझे कागदच जमत होते. खरं सांगायचं तर मला रजा मिळत होती. आमच्या कचेरीत माझ्यावाचून काही अडत नाही, हे साहेबांनी मला अनेकदा ऐकवलेलं आहे. दीड-दोन महिने एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसून चेंडूगणिक टिंबं मांडायची, या कल्पनेनंच मी भ्यालो होतो. आणि भ्यालो हे सांगायचंही भय वाटत होतं. शेवटी एका रविवारी आत्यांनी विचारलं, "हो का नाही, एक काहीतरी सांगा. म्हंजे मले लिहता येईन." माझी बायको समोर उभी राहून हातानं खुणा करत होती, की बोला, सांगून टाका. मी म्हणालो, "पाहू, आत्या."

त्या म्हणाल्या, "बरं."

बायको म्हणाली, "नाही म्हनले असते तं तिनं दुसरं कोणी पाहलं असतं. तुम्ही तिची जागा अडवून बसले." ती उगाच बोलत नाही, आणि त्या दिवशीही उगाच बोलली नव्हती.

आत्या एकट्या गेल्या. मुंबईच्या गाडीत बसवायला आम्ही मेहकरच्या स्टँडवर गेलो होतो. सलीमभाईंनी बॅग आणून दिली आणि शेवटचं वजन कागदावर लिहून तो कागद आत्यांच्या हातात दिला. गाडीतही आत्यांनी बेतात लिहिल्याप्रमाणे दोन जागा घेतल्या होत्या. मी खाली खिडकीशी उभा होतो. कंडक्टरनं विचारलं, "आजी, दोन सीटा हायेत. दुसरं कोन?"

आत्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "येनार होते. नाही जमलं त्याहीले." आणि शेजारच्या सीटवर त्यांनी स्कोअरबुकाची पिशवी ठेवली. गाडी सुटली तेव्हा मी हात हलवला. त्यांनीही हलवला. त्या कोणावर रागावत नाहीत, हीच तर पंचाईत आहे.

तिकडून त्यांचा फोन ठरलेल्या वेळी यायचा आणि ठरलेल्या वेळी संपायचा. धावा किती झाल्या, ऊन कसं आहे, गुडघा कसा आहे. एकदाच, ॲडलेडहून, आवाज वेगळा आला. पुढच्या रांगेत एक गोरा म्हातारा मांडीवर वही घेऊन लिहीत होता. आत्यांनी उठून आपलं पान त्याच्यापुढं धरलं. त्याचं बोलणं आत्यांना कळेना, आत्यांचं त्याला. पण आकडे कळत होते. दोघांनी बोटं ठेवून ओळीओळीनं ताळा केला. "एक लेगबाय माह्याकडून सुटली होती, जावईबापू! त्यानं पकडली!" आत्या इतक्या आनंदानं ओरडत होत्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. चूक सापडल्याचा असा आनंद मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो म्हातारा दुसऱ्या दिवशी आला नाही. पुढच्या मैदानांवरही कोणी भेटलं नाही.

त्या परत आल्यावर मी मेहकरला गेलो. घड्याळ आता आपल्या वेळेवर होतं, आणि ते बघून मला का कोण जाणे वाईट वाटलं. आत्यांनी चहा केला, तिकडून आणलेली बिस्किटं पुढं ठेवली आणि स्कोअरबुक उघडलं. पाच सामन्यांची पानं, एकेक टिंब मोत्यासारखं. प्रत्येक पानाच्या तळाशी पहिली सही आत्यांची. दुसऱ्या सहीची जागा एका पानावर भरलेली होती, इंग्रजीतलं एक वाकडंतिकडं, परकं नाव. बाकी सगळ्या पानांवर ती कोरी होती. मी पानं उलटत गेलो आणि कोऱ्या जागा येत गेल्या. मी खिशातलं पेन काढलं आणि म्हणालो, "द्या आत्या, मी करतो सह्या."

त्यांनी पानावर तळहात ठेवला. "पाहलं नाही त्याच्यावर सही नसते करत," त्या म्हणाल्या. वर्गात मुलीला चूक दाखवावी तसं, अगदी सावकाश.

मग त्यांनी कपाटातून नवं रजिस्टर काढलं. पुढचा दौरा इंग्लंडचा होता. मैदानं लिहून झाली होती, घड्याळाचा हिशेबही मांडला होता. 'सोबत' या शब्दापुढं काहीच नव्हतं, प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. मी म्हणालो, "आत्या, इंग्लंडला मी येतो. खरंच येतो."

त्यांनी टेबलावरचं चार रंगांचं पेन थोडं बाजूला सारलं, पेन्सिल उचलली आणि माझं नाव लिहिलं. अक्षर तितकंच सुरेख होतं. निघताना त्यांनी नेहमीसारखी जवसाची चटणी बांधून दिली आणि पुड्यावर वजन लिहून दिलं.

पासपोर्टचा अर्ज मी परवा भरला. आत्यांना सांगितलेलं नाही. माझ्या तोंडावर आता माझाच भरवसा राहिलेला नाही, म्हणून काही बोलायचंच नाही असं ठरवलंय. पासपोर्ट आला की मेहकरला जायचं, तो रजिस्टरावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. आज रविवार आहे. कुठंतरी सामना चालू असेल, आणि आत्या टीव्हीचा आवाज बंद करून दोन्ही पानं एकट्याच लिहीत असतील.